मदत हवी आहे – आईच्या दुःखाबद्दल, जाणकारांनी सांगा

नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. बाबा गेले त्याला वर्ष होत आलं. आई दिवसा बायांसोबत निंदणाला जाते, वावरात हसते बोलते, अन् सांजेला बाबांच्या खाटेजवळ बसून एकटीच रडते. नातेवाईक दोन्हीकडून बोलतात, हसली तं म्हणतात इतक्यात विसरली, रडली तं म्हणतात तेरवी होऊन किती दिवस झाले, आता पुरे. मले ह्याचा फार त्रास होतो.

मी थोडं वाचलं. कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या १९६९ च्या दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) सगळे सांगतात, पण त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून मांडलेल्या होत्या, अन् सगळे त्याच क्रमानं जातात असंही नाही. मले स्ट्रोब आणि शुट या शोकावरच्या संशोधकांचं १९९९ चं मॉडेल जास्त पटलं, की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यात मागे-पुढे होत राहतो आणि तेच नॉर्मल आहे. आईचं हुबेहूब तसंच दिसते.

आता विचारायचं हे की नातेवाईकांना हे साध्या भाषेत कसं समजवू? आणि डॉक्टरकडे कधी न्यावं? दीर्घ शोकाच्या आजारासाठी माणूस गेल्यापासून अमेरिकन निकषात किमान १२ महिने आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) निकषात किमान ६ महिने धरतात, पण आई जेवते, झोपते, काम करते, मग नुसत्या रडण्यावरून काळजी करावी का? टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कोणी घरच्या माणसासाठी बोललं असेल तर अनुभव सांगा, आईले फोनवर बोलायले कसं तयार केलं तेही.