भाड्याचं घर आणि 'मूळ गाव कुठलं?'

रानपाखरू:
पुण्यात भाड्याने घर शोधताना एजंट आधी पूर्ण नाव विचारतो. आडनाव गायकवाड, मोरे किंवा जाधव असलं की तो अडतो, कारण ही आडनावं अनेक जातींत आहेत. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. मूळ गाव कुठलं? कुलदैवत कोणतं? माझ्या मैत्रिणीने सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध." संध्याकाळी निरोप आला की मालकाचा भाचा राहायला येतोय. त्याच फ्लॅटची जाहिरात पुढच्या आठवड्यातही चालू होती. कुणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, उलट "ताई, ताई" करूनच बोलले. म्हणूनच लोक याला भेदभाव म्हणायला तयार होत नाहीत. माझ्या मते हा भेदभावच आहे.

सडेतोड:
घर माझं, हप्ते मी फेडतो, कुणाला ठेवायचं ते मीच ठरवणार. माझ्या आईला त्या ओट्यावर मटण शिजलेलं चालत नाही. यात जात कुठे आली? आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या सोसायटीचा फक्त पारशांना सभासद करण्याचा नियम मान्य केलाच की.

नेहा_स:
आम्ही सारस्वत, घरात मासळी नेहमीची. तरी 'शाकाहारींनाच प्राधान्य' लिहिलेलं घर आम्हाला मिळालं. मालक एवढंच म्हणाले, "खिडकी उघडी ठेवत जा." जेवणाचाच प्रश्न असेल तर जेवणाबद्दल विचारा. कुलदैवतावरून कोण काय खातं ते कळत नाही.

सडेतोड:
पण त्या मैत्रिणीला जातीमुळेच नाकारलं याला पुरावा काय? भाच्याचा बेत बदलला असेल.

रानपाखरू:
एकट्यादुकट्या प्रसंगात पुरावा हाती लागत नाही, खरी अडचण तीच आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास त्यासाठी महत्त्वाचा. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. पुढे दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत असाच प्रयोग झाला, तिथेही तेच दिसलं. नकाराची कारणं खरंच वेगवेगळी असती तर ती सगळ्याच आडनावांच्या वाट्याला सारखी आली असती.
पारशी सोसायटीचं म्हणाल, तर ती एका समाजाने स्वतःसाठी काढलेली संस्था होती. तुमचा फ्लॅट सर्वांसाठी जाहिरात करून भाड्याने लावलाय.

कोथरूडकर:
मुसलमान माणसाला तर कुलदैवतापर्यंतही पोचू देत नाहीत. नाव ऐकलं की "सोसायटी परवानगी देत नाही" म्हणतात. मी स्वतः आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तेव्हा आमच्याकडे असा कुठलाही ठराव नव्हता.
सडेतोड, मटण नको असेल तर लीव्ह अँड लायसन्सच्या करारात तसं लिहा.

सडेतोड:
लिहिलं तरी लोक पाळत नाहीत. अकरा महिने भांडत बसू?

कोथरूडकर:
पाळलं नाही तर नोटीस द्या, तसं कलम करारात घालता येतं. पण ज्याने अजून घरात पाऊलही ठेवलेलं नाही, त्याने करार मोडला असं आधीच धरून चालू नका.