शनिवारी नारळ, रविवारी गाशा गुंडाळला: खान्देशातली दोन दिवसांची नाटकं

मागची_रांग (जळगाव)

मे महिना उजाडला की जळगाव-धुळ्यात हौशी संस्थांच्या नाटकांचे फलक लागतात. शनिवारी शुभारंभाचा प्रयोग, रविवारी दुसरा, आणि सोमवारी सकाळी फ्लॅट्स (सेटच्या कापडी भिंती) टेम्पोत घालून गोडाऊनला. ते नाटक पुन्हा दिसत नाही. दोन-अडीच महिन्यांच्या तालमी आणि दोन संध्याकाळी, एवढाच त्याचा जन्म.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या नाटकाचे निदान दहा प्रयोग करायची तयारी नाही, ते उभंच करू नये.

पहिल्या प्रयोगाला नट वाक्य आठवत असतो. कुठे थांबायचं, कुठे हशा येतो, कुठे खोकले सुरू होतात, हे त्याला त्या रात्री पहिल्यांदा कळतं. दुसऱ्या दिवशी तो प्रेक्षकाला ऐकायला लागतो. नाटक बसायला सुरुवात होते आणि आपण त्याच दिवशी पडदा पाडतो. शिवाय पहिल्या दोन दिवसांत येतात कोण? नटांचे नातेवाईक, ऑफिसातले सहकारी, इतर संस्थांची मंडळी. "बघायलाच हवं" असं एकाने दुसऱ्याला सांगायला आठवडा लागतो. तोपर्यंत नाटक उरलेलंच नसतं.

ही सवय स्पर्धेने लावली, असं मला वाटतं. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत केंद्रावर एक प्रयोग होतो. पुढे गेलं तर अंतिम फेरीत आणखी एक. सगळी ताकद त्या एका संध्याकाळसाठी लावायची हे आपल्या अंगवळणी पडलं आहे, आणि स्पर्धा नसतानाही आपण तसंच नाटक करतो. बालगंधर्वांचं गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण याच जळगावात मेहबूब खाँकडे झालं. त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह गावात उभं आहे. त्या काळच्या नाटक कंपन्या एकेका गावी मुक्काम टाकून राहायच्या, तीच नाटकं आलटूनपालटून वर्षानुवर्षं करायच्या. नट त्यात घडायचा. दोन दिवसांत कोण घडणार?

विंगेतला_माणूस (जळगाव)

भाऊ, तळमळ पटली, पण दहा प्रयोगांचा हिशेब कोण मांडणार? मी मांडतो, कारण आमच्या संस्थेचं व्यवस्थापन माझ्याकडे असतं.

समजा 150 रुपये तिकीट ठेवलं आणि 300 खुर्च्या विकल्या गेल्या. हातात आले 45,000. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. आता त्यातून नाट्यगृहाचं भाडं, लाइट, साउंड, सेटचा टेम्पो, रंगभूषाकार, कपडेपट, चहा-जेवण द्या. भरलेल्या घरात जेमतेम तोंडमिळवणी होते. तिसऱ्या प्रयोगाला 80 माणसं आली तर गल्ला 12,000, आणि खर्च तेवढाच. ही तूट दरवेळी दिग्दर्शकाच्या नाहीतर माझ्या पगारातून जाते.

दुसरं, मे महिना म्हणजे लग्नसराई. लाइट-साउंडवाल्याला एका लग्नात जेवढं मिळतं तेवढं आम्ही देऊ शकत नाही. लग्नाची दाट तिथ असली की तो फोनच उचलत नाही. म्हणून आम्ही तिथ नसलेला शनिवार-रविवार शोधून त्याला एकदाच बांधून घेतो. शनिवारी सकाळी लाइट टांगले, सेट लावला की रविवारी त्याच मांडणीवर प्रयोग होतो. दोन प्रयोगांना मांडणीचा खर्च एकच. शनिवार-रविवार लागून घेण्यामागे हे गणित आहे.

आखाजी_माहेर (अमळनेर)

मे महिन्याला नावं ठेवू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सुरतला आणि पुण्याला कामाला गेलेली माणसं गावी येतात, शेतात पेरणीच्या आधीची उसंत असते. वर्षभरात एवढा प्रेक्षक एकत्र कधी सापडतो?

आमच्याकडे वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. खेड्यापाड्यातून किती माणूस येतो ते एकदा येऊन पाहा. हाच माणूस तमाशा बघायला रात्ररात्र बसतो. तमाशाचा फड एकच वग घेऊन यात्रेमागून यात्रा करतो आणि हंगाम संपेपर्यंत तो वग कसा टोकदार झालेला असतो! त्याला कोणी म्हणत नाही की शनिवारी सुरू करून रविवारी बंद कर. आमच्या गावातली म्हातारी माणसं मला विचारतात, "हाई नाटक आमना गावले बी दखाडा ना भो!" त्यांना काय उत्तर देऊ? जळगावला दोन दिवस होतं, तुमचं चुकलं?

स्पिरिट_गम (भुसावळ)

ताई, यात्रेतल्या गर्दीबद्दल वाद नाही. मी रंगभूषा करतो, उन्हाचं मी सांगतो.

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. दुपारी चारला मेकअप रूममध्ये बसून मी एका म्हाताऱ्याच्या भूमिकेला दाढी लावत होतो. स्पिरिट गम (दाढी-मिशा चिकटवायचा डिंक) लावून दाबलं की थंडीत ते मिनिटभरात धरतं. इथे कातडीवर घामाचा थर, गम धरायलाच तयार नाही. चेहरा पुसायचा, पावडर मारायची, पुन्हा गम. पहिल्या अंकातच हनुवटीच्या डाव्या बाजूची कड सुटली. तो नट पुढचे सगळे संवाद हनुवटीवर हात ठेवून बोलला. प्रेक्षकांना वाटलं अभिनय आहे. आम्हाला विंगेत घाम फुटला होता. नाट्यगृह बंदिस्त होतं, वातानुकूलन कागदावर होतं.

उघड्यावर करायचं तर आणखी पेच. दिवस मावळतो सातच्या सुमाराला, फरशी आठलाही भाजते, आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो. साडेआठला सुरू केलं तर दोन अंकी नाटक कुठे मावतं?

माझं म्हणणं: दोन करा नाहीतर दहा करा, मे महिन्यात करू नका. कार्तिकानंतर करा. प्रेक्षकही शाल पांघरून शेवटपर्यंत बसेल.

मागची_रांग (जळगाव)

दहाचा नियम उघड्यासाठी आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंदिस्त सभागृहाला आतल्यापुरती सूट आहे. उघड्यावरही राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, पण ते दिवस सणावारांत संपतात. नाटकासाठी त्यातले दोन मिळावेत अशी मागणी आपल्या जिल्ह्यातल्या नाट्यसंस्थांनी एकत्र येऊन करायला हवी.

सोमवारी_कळलं (भुसावळ)

मागच्या वर्षी एका नाटकाबद्दल मला शेजाऱ्याने सोमवारी सांगितलं. 25 किलोमीटरवर राहतो, दर आठवड्याला जळगावला येतो, तरी हुकलं. फलक फक्त जळगावात लागले होते. भुसावळ स्टेशनबाहेर एक लावला असता तरी चाललं असतं.

दुसरी_घंटा (धुळे)

मी नाटकात काम करते आणि शाळेत शिकवते. मला हा सगळा सूर थोडा टोचला, म्हणून लिहिते.

दोन प्रयोग करून थांबणारे लोक नाटकाला वरवर घेतात, असं मूळ पोस्टमधून वाटतं. आमच्या संचात मी शिक्षिका, एक जण बँकेत, एक एसटीत, दोघी गृहिणी. एप्रिलमध्ये पेपर तपासून उरलेल्या वेळात तालमी होतात, निकाल लागला की थोडा वेळ मिळतो. जूनच्या मध्याला शाळा उघडते. माझ्या आयुष्यातला नाटकाचा हंगाम एवढाच आहे. तो मे महिन्यात येतो म्हणून नाटक मे महिन्यात.

आता दौऱ्याचं. शहाद्याला प्रयोग साडेअकराला संपला, सेट उतरवून टेम्पो भरायला एक वाजला, धुळ्याला पोहोचायला पहाट. पुरुष नटाला घरी कोणी काही विचारत नाही. आमच्यातल्या एका मैत्रिणीला सासूबाईंनी दोन प्रयोगांची परवानगी दिली, तीही सासूबाई स्वतः पहिल्या रांगेत बसणार या अटीवर. तिने त्या दोन रात्री जे काम केलं ते बघून लोक उभे राहिले. तिला मी "दहा प्रयोग जमत नसतील तर उभीच राहू नकोस" असं सांगू? मग आमच्याकडे बायकांची कामं करायला बायका उरणार नाहीत.

एक_अंकी (जळगाव)

ताईंना पूर्ण पाठिंबा, आणि त्यात माझा मुद्दा.

मी विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवातून आलेला. माझ्या बरोबरीची पोरं लिहितात, केळीच्या बागेवर, सुरतच्या लूमवर, अहिराणीत. ही नाटकं उभी राहतात ती दोन प्रयोगांचाच धोका असतो म्हणून. दहा प्रयोगांची अट घाला, काय होईल? संस्था मुंबईत गाजलेली संहिता उचलेल, कारण तिला प्रेक्षक मिळायची खात्री असते. नवा लेखक पहिल्या बैठकीतच बाद. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीवर, जूनमध्ये टोनी हे नाट्यपुरस्कार जाहीर झाले की ज्यांच्या पदरी काही पडलं नाही अशा नाटकांच्या समाप्तीच्या घोषणा होऊ लागतात, आणि शेवटचा प्रयोग बहुधा रविवारीच असतो. एवढा पैसा ओतूनही बंद होतात. तिथे पैसे लावणाऱ्यांचे पैसे बुडतात. आमचा फक्त एक उन्हाळा जातो, आणि पुढच्या उन्हाळ्याला नवी संहिता तयार असते. थोडे प्रयोग ही आमची मोकळीक आहे, ती काढून घेऊ नका.

सातपुड्याकडून (शहादा)

तुम्ही सगळे नाट्यगृह गृहीत धरून बोलत आहात. नंदुरबारला छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर आहे, धुळ्याला राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, जळगावला संभाजीराजे नाट्यगृह. त्यापलीकडे तालुक्याला काय आहे? मंगल कार्यालय. तिथे मेमध्ये वऱ्हाड उतरलेलं.

आमच्याकडे आदिवासी पाड्यांवर सोंगाड्या पार्टी येते. मैदानात रिंगण, ढोल, पुरुषच बायकांची सोंगं घेतात, आणि खेळ रात्रभर चालतो. तिला फ्लॅट लागत नाही, विंग लागत नाही. तुमच्या नाटकाला दिवाणखाना लागतो, त्यात सोफा, जिना, मागे खिडकी, खिडकीबाहेर आकाश. हा दिवाणखाना तुम्हाला एका इमारतीत अडकवून ठेवतो. तो टाकून द्या. चार मोडे (बसायची स्टुलं) आणि एक पडदा यावर उभं राहील असं नाटक लिहा, मग शाळेच्या पटांगणातही होईल. एसटीच्या टपावर सामान चढवून येता आलं पाहिजे.

विंगेतला_माणूस (जळगाव)

दादा, सोंगाड्या पार्टी आणि तमाशा यांची उदाहरणं मनाला भिडतात, पण तमाशातला माणूस त्यावर जगतो. फडाला सुपारी मिळते नाहीतर तंबू ठोकून तिकीट लावता येतं, माणसं हंगामभर ट्रकमध्ये राहतात. आमचा नट सोमवारी दहाला बँकेच्या काउंटरवर असतो. आणि सेट टाकला म्हणजे सगळं हलकं झालं असं नाही. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र एकदा घेतलं की झालं, पण पोलिसांची परवानगी आणि जागामालकाचं पत्र प्रत्येक गावाला नव्याने. हे सगळं मीच करतो, ऑफिस सांभाळून.

एक_अंकीशी मात्र मी सहमत नाही. नवी संहिता दोन प्रयोगांत संपते म्हणूनच नवा लेखक दुसऱ्यांदा लिहीत नाही. आपलं काय चुकलं ते कळायच्या आत त्याचं नाटक गोडाऊनला गेलेलं असतं. असे दोन लेखक मी डोळ्यांदेखत गमावले.

मागची_रांग (जळगाव)

ताई, तुमच्या मैत्रिणीने उभंच राहू नये असं मी कधीच म्हणणार नाही. मला तिचं काम आणखी लोकांनी बघायला हवं आहे, भांडण त्यासाठीच आहे. दहा प्रयोगांवर मी ठाम आहे, पण ते दहा एका उन्हाळ्यात करा असं नाही. मेमध्ये दोन करा, दिवाळीच्या सुट्टीत दोन करा, थंडीत महिन्याला एक शनिवार. धुळ्याच्या संस्थेने जळगावला यावं, जळगावच्या संस्थेने धुळ्याला जावं. 90 किलोमीटर अंतर आहे, प्रयोग साडेसहाला लावला तर रात्री घरी पोहोचता येतं. यजमान संस्थेने नाट्यगृह, परवानगी आणि तिकीटविक्री बघायची. विंगेतल्या भाऊंच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथे उतरतं.

आणि मेमधले दोन प्रयोग लागून नकोत. मध्ये एक आठवडा ठेवा, म्हणजे सोमवारी कळलेल्या माणसाला दुसरा शनिवार मिळेल.

विंगेतला_माणूस (जळगाव)

अदलाबदलीला माझा होकार, धुळेकरांनी पुढाकार घ्यावा. आठवड्याच्या अंतराला नकार. मांडणी दोनदा, टेम्पो दोनदा, लाइटवाला दोनदा. वर सांगितलेलं गणित त्यात मोडतं.

दुसरी_घंटा (धुळे)

साडेसहाची वेळ असेल तर मी संचात विचारते. मेमध्ये साडेसहाला धुळ्यात कोणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे हे नोव्हेंबरनंतरच जमेल. तेव्हा शाळा असते, म्हणजे फक्त शनिवार. आणि शनिवारी मला अर्धा दिवस शाळा आहे.

स्पिरिट_गम (भुसावळ)

नोव्हेंबर असेल तर रंगभूषेचे पैसे फक्त सामानाचे घेईन, दोन्ही संस्थांकडून. मजुरी नको. दाढी-मिशा असतील तर आठ दिवस आधी कळवा.

सातपुड्याकडून (शहादा)

जळगाव-धुळे झालं, शहादा पुन्हा राहिलंच. आमच्याकडे एका शाळेचं पटांगण मिळवून देतो, स्टेज 24 फूट रुंद, सिमेंटचं. वीज थ्री फेज आहे. दिवाणखाना सोडून जे काही असेल ते घेऊन या.