बीएस्सी केमिस्ट्रीनंतर नैसर्गिक रंगाईचा धंदा: शिकलेलं वाया जातं का?

डाळिंबसाल (सांगोला):
टी.वाय.ला आहे, केमिस्ट्री. ज्यूसवाल्याकडे डाळिंबाच्या साली पोतंभर फुकट मिळतात. त्या उकळून सुती ओढण्या रंगवते. हॉस्टेलच्या मुलींनी काही विकतही घेतल्या. पण एकदा पिवळाधमक आलेला रंग पुढच्या खेपेला शेवाळी येतो. बाबा म्हणतात, एमएस्सी नाहीतर बी.एड. कर, रंगाईत शिकलेलं वाया जाणार. कोणी हा धंदा केलाय का?

मंजिष्ठा (कोल्हापूर):
मीही केमिस्ट्रीचीच, आता रंगाईचं छोटं युनिट चालवते. अगं, तोच रंग पुन्हा आणायचा तर शिकलेलंच लागतं! पाणी बोअरचं का? त्यात लोह असलं तर सालीतल्या टॅनिनशी जुळून पिवळ्याचा शेवाळी होतो. काळपट छटांसाठी आपण मुद्दाम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) घालतो, तोच प्रकार.

रंग कापडावर पक्का बसायला तुरटी लागते, पण सुती कापड ती नीट धरत नाही. आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढ, मग हिरडा, मग तुरटी. मापं कोरड्या कापडाच्या वजनावर: शंभर ग्रॅमला वीस ग्रॅम हिरडा, पंधरा ग्रॅम तुरटी, इथून सुरुवात कर. ‘मूठभर’ हे माप विसर. प्रत्येक घाण्याची जर्नल ठेव, शेजारी कापडाचा तुकडा टाच. एक्सटर्नलच्या सहीसाठी लिहिलेली जर्नल रद्दीत जाते, हिच्यावर मात्र पुढची ऑर्डर येते.

हळदीचा रंग विकू नकोस, उन्हात उडतो. बाकीच्या रंगांचे तुकडे अर्धे पुठ्ठ्याखाली झाकून गच्चीवर ठेवून बघ. पुढे लॅबमध्ये प्रकाशाची चाचणी करून घे, १ ते ८ अशी श्रेणी देतात. नीळही शीक. चुन्या-गुळाच्या पिंपातून कापड हिरवट-पिवळं निघतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. लोक ते बघायला पैसे देऊन वर्कशॉपला येतात.

आणि ‘केमिकल-फ्री’ लेबल लावू नकोस. तुरटी काय आकाशातून पडते? केमिस्ट्रीवालीने तरी असं लिहू नये.

एमएस्सी करायचीच तर मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) टेक्स्टाइल केमिस्ट्री बघ. ती संस्था १९३३ साली सुरू झाली तेव्हापासून तिथे हा विषय आहे.

खातेवही:
मी बी.कॉम., बायकोच्या ब्लॉक प्रिंटचा हिशेब बघतो. साल फुकट म्हणून ओढणी स्वस्त विकू नका. गॅस, पाणी, बिघडलेले नग आणि तुमची स्वतःची मजुरी धरा, दुकानदाराचा वाटा त्यावर. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

पेन्शनर मास्तर:
वडिलांना विल्यम पर्किनची गोष्ट सांग. १८५६ साल, वय १८, कॉलेजचा विद्यार्थी. क्विनाइन करायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. पुढच्याच वर्षी कारखाना, पैसे वडिलांचे! फक्त तो कृत्रिम रंगवाला, म्हणजे तुझ्या विरुद्ध पार्टीचा.

डाळिंबसाल:
मास्तर, ‘पैसे वडिलांचे’ हा भाग गाळून सांगते 😀 ताई, पाणी बोअरचंच! उद्या आरओच्या पाण्यात एक तुकडा करून बघते. हिरड्याची पावडर काष्ठौषधीच्या दुकानातली चालेल?

मंजिष्ठा (कोल्हापूर):
चालेल. अख्खा मिळाला तर बी काढून घरीच कुट. लोखंडी खलबत्त्यात मात्र नको.