मदत हवी आहे: व्हिडिओ कॅसेटवर पांढरी बुरशी, आत बाबांचा ब्योमकेश

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ११ व्हीएचएस कॅसेट निघाल्या. सगळ्यांवर बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. ‘मालगुडी, २ भाग.’ ‘भारत एक खोज, शिवाजी. शेवट राहिला, लाइट गेली.’ (नसीरुद्दीन शाह शिवाजी झाला होता तो भाग. ओम पुरीचा औरंगजेब लोकांना जास्त आठवतो, पण बाबा नसीरवाले.) आणि एकीवर ‘ब्योमकेश, ४ भाग. पुसू नये’ (दूरदर्शनवरची ‘ब्योमकेश बक्षी’ ही गुप्तहेराची मालिका), खाली लाल पेनाने दोन रेघा.

हे सगळं आता यूट्यूबवर मिळतं हे ठाऊक आहे. तिथूनच तर वेड परत लागलं. माझ्या १३ वर्षांच्या लेकीला सुट्टीत १९९३चा ब्योमकेश लावून दिला. म्हटलं, दहा मिनिटांत उठेल. नाही उठली. धोतरातला रजित कपूर, शेजारी के. के. रैनाचा अजित, खून झाला तरी कोणी किंचाळत नाही, आणि बहुतेक गोष्टी त्याच भागात संपतात. ब्योमकेशची बायको सत्यवती म्हणजे आपली ‘आभाळमाया’वाली सुकन्या कुलकर्णी, हे सांगितल्यावर आईसुद्धा पोळ्या टाकून येऊन बसली. आता रोज रात्री एक भाग ठरलेला.

पण कॅसेट बाबांनी रेकॉर्ड केलेल्या आहेत. मी गच्चीवर, अँटेना सेमिनरी हिल्सकडे वळवतेय, खालून दादा ओरडतोय, “आल्या, मुंग्या आल्या, मागे फिरव!”, आणि बाबा रिमोट धरून जाहिरात लागली की पॉज दाबायला टपलेले. ते चित्र यूट्यूबवर कुठून येणार?

अडचण अशी की खिडकीतून बघितलं तर रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. सीताबर्डीवर एका दुकानात एक कॅसेट दिली. त्याने न बघता मशीनमध्ये घातली, टेप अडकली, वीतभर चुरगळून बाहेर आली. तेव्हापासून हात लावायची भीती वाटते. आमचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला.

तर हे साफ कसं करायचं? कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं? नागपुरात कोणाकडे चालू व्हीसीआर आहे का?

जाता जाता: आत्याच्या १९९१च्या लग्नाची कॅसेट यात निघेल अशी आशा होती, नाही निघाली. आत्या म्हणते दादाकडेच (म्हणजे बाबांकडे) दिली होती, बाबा म्हणतात शूटिंगवाल्याने नेली. तो वाद ३० वर्षांचा आहे, सोडा. गंमत म्हणजे बाबा (वय ७९) बाकीच्या कॅसेटींसाठी रोज विचारतात, पण ब्योमकेशची तेवढी “फेकून दे, काही नाही त्यात” म्हणतात.

प्रतिसाद:
ताई, ती बुरशीच आहे. आधी मशीनमध्ये घालू नका, व्हीसीआरच्या हेडला लागली की तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तोंडाला मास्क लावून गच्चीवर बसा. मागचे पाच स्क्रू काढा, रिळं कशी बसलीत त्याचा आधी मोबाईलवर फोटो घ्या, स्प्रिंग उडतात. मऊ, सूत न सुटणाऱ्या कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं आणि टेप हाताने हळूहळू गुंडाळत पुसायची. कापूस अजिबात नको. पुसून झाल्या की उभ्या ठेवा, आणि मे महिन्यात टिनाखाली तर नकोच.

प्रतिसाद:
काहून टेन्शन घेता ताई. माझा व्हीसीआर चालू आहे, सक्करदऱ्याला या. पिवळी-पांढरी-लाल पिन लावायची, मधे यूएसबी कॅप्चर कार्ड, की लॅपटॉपवर उतरते. सेटिंग पाल ठेवजा, नाहीतर चित्र काळंपांढरं नाहीतर पळत राहते. तीन तासांची कॅसेट तीनच तास घेते, घाई नाही चालत. येताना डबा आणजा, बसून पाहू.

प्रतिसाद:
मला वेगळाच वास येतोय. कॅसेटच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी टिकली असते. ती तोडली की त्यावर परत रेकॉर्ड होत नाही. शूटिंगवाले लग्नाच्या कॅसेटची हमखास तोडून देत. ब्योमकेशच्या कॅसेटची टिकली आहे का बघा जरा.

मूळ प्रश्नकर्ती:
टिकली तुटलेली आहे. भोकावर सेलोटेप. पिवळी पडलेली, दोन पदरी.

प्रतिसाद:
झालं. भोकावर टेप लावली की परत रेकॉर्ड होतं. गुन्हेगार घरातच आहे, सत्यान्वेषी ब्योमकेशला बोलवायची गरज नाही.

मूळ प्रश्नकर्ती, नऊ दिवसांनी:
सक्करदऱ्याच्या भाऊंचे किती आभार मानू. दोन रविवार गेले, १० कॅसेट उतरल्या. शिवाजीचा भाग खरंच वाक्याच्या मधे तुटतो आणि नुसता काळा पडदा. उरलेला बाबांनी यूट्यूबवर बघितला, ३५ वर्षांनी.

ब्योमकेशची शेवटी लावली. चौथा संपला, चित्र फाटल्यासारखं हललं, आणि एकदम सनई. पंगत बसलीय, पितळी बादली घेऊन बाबा मठ्ठा वाढताहेत, सफारी सूट, मिशी काळीभोर. आजी कॅमेऱ्याला हाताने ‘जा तिकडे’ करतेय. मग पाठवणी. मंगलाष्टकं, सप्तपदी सगळं ब्योमकेशने खाल्लं.

बाबा कूलरसमोर खुर्ची सरकवत म्हणाले, “पंगत तर वाचली ना.” मग बऱ्याच वेळाने, “मठ्ठा चांगला झाला होता.”

आता शेवटची मदत हवी आहे. आत्याला आधी फाइल पाठवू, की आधी फोन करू? बाबा म्हणतात, दिवाळीनंतर बघ.