यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील वडिलांचा व्यायाम : मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या वडिलांना (वय ६१) यकृताचा सिरॉसिस (यकृतात कायमचे व्रण होऊन ते निकामी होत जाणे) आहे. मधुमेह आणि फॅटी लिव्हर यांतून तो उद्भवला; दारूचा थेंबही त्यांनी कधी घेतलेला नाही, हे इतक्या जणांना सांगावे लागले आहे की सवयीने येथेही लिहिले. घरात योग्य दाता न मिळाल्यामुळे पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत त्यांचे नाव आहे. यकृताचा आजार किती गंभीर आहे हे दाखवणारा त्यांचा मेल्ड स्कोअर १९ आहे.

हा स्कोअर बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे माप) आणि सोडियम या रक्ततपासण्यांवरून काढतात. त्यात स्नायूंचा हिशेब कुठेच नाही. पोटात पाणी साठत असल्याने वजनकाटा ६८ किलोच दाखवत राहिला आणि दंड-मांड्या बारीक होत गेल्याचे आमच्या फार उशिरा लक्षात आले. फिजिओथेरपिस्टनी हाताची पकड, तोल आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठणे तपासले. या उठाबसांना १५ सेकंदांहून जास्त लागले तर ताकद कमी मानतात. बाबांना २२ लागले. सहा मिनिटांत ते २३० मीटर चालले. २५० मीटरच्या आत चालणाऱ्यांना प्रतीक्षाकाळात धोका अधिक असतो, असे आम्हाला सांगण्यात आले.

आहाराचे बऱ्यापैकी जमले आहे. पाणी वगळून वजन सुमारे ६० किलो धरले असून दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने द्यायची आहेत. आजारी यकृतात साखरेचा साठा पुरेसा राहत नाही, त्यामुळे रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर स्नायूच मोडून खाते. म्हणून झोपण्यापूर्वी दूध आणि राजगिऱ्याचा लाडू देतो. ‘यकृत बिघडले की डाळ बंद’ हा नातेवाइकांचा सल्ला आम्ही मानला नाही, कारण प्रथिनांपासून तयार होणारा आणि यकृताला न झेपल्यास मेंदूवर परिणाम करणारा अमोनिया निकामी करण्याच्या कामात स्नायूंचाही वाटा असतो.

अडचण व्यायामाची आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता फक्त आराम करा’ असे सांगून जातो आणि बाबांनाही तेच पटते. डॉक्टरांनी चालणे आणि हलका प्रतिकारात्मक व्यायाम यांना परवानगी दिली आहे. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांचे बँडिंग (रक्तस्राव टाळण्यासाठी रबरी कडी बसवणे) झाले असल्याने श्वास रोखून जोर लावणे मात्र वर्ज्य आहे. कार्व्हेडिलॉल या बीटा ब्लॉकर औषधामुळे नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातील ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज येत नाही. सध्या ‘चालताना बोलता आले पाहिजे’ एवढीच खूण आम्ही धरली आहे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण होता किंवा आहे, त्यांनी पोटातील पाणी काढल्यानंतर किती दिवसांनी व्यायाम पुन्हा सुरू केला? बैठकीतल्या खुर्चीवरच्या उठाबसा आणि रबरी पट्टा यांपलीकडे घरी काय जमले? आणि रात्री झोप न होऊन सकाळी किंचित गोंधळलेल्या माणसाला चालायला न्यावे की तो दिवस सोडून द्यावा? अमोनिया कमी करणारे लॅक्टुलोज हे औषध चालू आहे आणि असा गोंधळ दिसला की आम्ही डॉक्टरांना कळवतो, पण दुपारपर्यंत ते सावरले की काय करावे, हा निर्णय रोज आईवर येतो.

उत्तर देताना रुग्णाच्या पोटात पाणी होते का आणि बीटा ब्लॉकर सुरू होते का, हे कृपया लिहावे, म्हणजे आमच्या डॉक्टरांना तुलनेसाठी दाखवता येईल.