वजन उतरवताना स्क्वॉट कमी झाला, डेडलिफ्ट नाही – मदत हवी आहे

वय 31, उंची 168 सेंमी, वजन 80 किलो. पॉवरलिफ्टिंगमध्ये 83 किलो गटात खेळतो, फक्त बेल्ट आणि नी स्लीव्ह्ज (गुडघ्यावरचे घट्ट पट्टे) घालून. या उंचीला 74 चा गट जास्त योग्य वाटतो, म्हणून सावकाश वजन उतरवतोय.

वजन 84 चं 80 होईपर्यंत स्क्वॉट (पाठीवर बार घेऊन खाली बसून उठणं) 160 किलोवरून 150 वर आला, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) मात्र 190 वरच आहे. स्क्वॉटमध्ये गुडघ्याखालचा भाग सोडून सगळं शरीर बारसोबत उचलावं लागतं, म्हणजे वजनाच्या साधारण 88 टक्के. तो भार साडेतीन किलोने हलका झाला, तरी उचल कमी! खाली बसल्यावर पोट-मांड्यांचा जो आधार मिळायचा तो गेला, असा माझा अंदाज. डेडलिफ्टला उलट पोट कमी झाल्याने बारपाशी वाकणं सोपं झालंय.

ताकद वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने बदलते असं धरलं, तर 84 वरून 80 ला जेमतेम 3 टक्के घट यायला हवी होती. माझी 6 टक्के झाली.

शाकाहारी आहे, पनीर, सोया, व्हे (दुधापासूनची प्रथिन पावडर) धरून रोज 150 ग्रॅम प्रथिनं होतात. झोप नीट, स्क्वॉट आठवड्यातून दोनदा, खाली बसण्याची खोली आणि बूट तेच. ऐनवेळी पाणी कमी पिऊन वजन उतरवायचं नाही, कारण वजन स्पर्धेच्या दोनच तास आधी घेतात.

जे खरंच एक गट खाली आले त्यांनी सांगा: वजन दोन-तीन महिने स्थिर ठेवल्यावर स्क्वॉट आपोआप परत आला, की पायांतलं अंतर आणि पाठीवरची बारची जागा बदलावी लागली?