एकच गळा, दोन आवाज: या अल्बममधली स्क्रीम काढली तर काय उरतं?

कर्वेनगरी_बेस

रविवारी जॅमरूममध्ये भांडण झालं. तासाचे पैसे भरून त्यातली चाळीस मिनिटं भांडलो, म्हणजे किती पेटलो असू बघा. विषय: 'ए डे टू रिमेंबर' या अमेरिकन बँडचा दुसरा अल्बम, 'फॉर दोज हू हॅव हार्ट'. आम्ही चौघे नोकरदार, बँड म्हणजे आठवड्यातले दोन तास. या अल्बममधली दोन गाणी बसवायची ठरली आणि आमचा गायक म्हणाला, "चालीचा भाग गातो, स्क्रीम कापू. तसंही गाणं तेवढंच आहे." स्क्रीम म्हणजे गाण्यातला ओरडून म्हटलेला भाग. मी म्हणालो, तेवढंच नाहीये. निकाल लागला नाही म्हणून इथे आलोय.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: बँड फ्लोरिडातल्या ओकाला गावचा, २००३ पासूनचा. पहिला अल्बम २००५ मध्ये एका छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, दुसरा जानेवारी २००७ मध्ये व्हिक्टरी रेकॉर्ड्सकडून. पॉप-पंकची पळती चाल, दुसऱ्यांदा ऐकताना तोंडात बसणारे कोरस आणि मध्येच हार्डकोरचा ब्रेकडाउन, म्हणजे गाणं एकदम जड आणि संथ वाटायला लागतं तो भाग. गाणारा आणि ओरडणारा माणूस एकच, जेरेमी मॅकिनन. त्या काळात बऱ्याच बँडमध्ये कामाची वाटणी असायची. कॅनडाच्या अलेक्सिसऑनफायरमध्ये ओरडणारा वेगळा आणि गाणारा वेगळा. तिथे दोन माणसांचं भांडण ऐकू येतं. इथे एकाच माणसाचं स्वतःशी.

आता माझा मुद्दा. मराठीत ओरडण्याला किती शब्द आहेत बघा: किंकाळी, हंबरडा, टाहो, बोंब, आरोळी. मेटलमध्ये बहुतेकदा किंकाळी असते, नाहीतर गुरगुर. या अल्बमवर आहे ती आरोळी. आरोळी कुणाला तरी उद्देशून असते, पलीकडून ओ येईल या भरवशावर मारलेली. म्हणून तिच्या मागून घोळक्याचा कोरस येतो तेव्हा तो चिकटवलेला वाटत नाही. ती ओ असते. स्क्रीम कापलीत तर ओ उरेल, हाक जाईल.

टिळकरोड_थ्रॅश

आधी म्हणता माणसाचं स्वतःशी भांडण, चार ओळींनी म्हणता हाक. ठरवा काय ते.

मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन हा मेटल बँड बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर आलं तेव्हा आम्ही पुण्याहून जनरल डब्यात बसून गेलो होतो. त्याच वर्षी कॉलेजातल्या एका पोराने हा अल्बम पेनड्राइव्हवर आणून दिला, "यात तुझंही आहे, माझंही आहे" म्हणाला. तिथेच घोळ आहे. उकडीच्या मोदकावर मिसळीची तर्री घातली की दोघांचंही काही राहत नाही.

माझी तक्रार ओरडण्याबद्दल नाही, वेळापत्रकाबद्दल आहे. पळतं कडवं, गोड कोरस, पुन्हा तेच, मग सगळे थांबणार, एक वाक्य एकटं ओरडलं जाणार, आणि धाडकन ब्रेकडाउन. तिसऱ्या गाण्यानंतर मला आधीच कळतं की आता येणार. जी आरोळी दर वेळी ठरल्या मिनिटाला येते तिला आमच्याकडे भोंगा म्हणतात. तुमचा गायक बरोबर बोलतोय.

सवाई_५३

माझा जन्म आणि सवाई गंधर्व महोत्सव, दोन्ही १९५३ चे. तेव्हा या धाग्यावर मी काय करतोय हा प्रश्न रास्त आहे. नातू याच पंथाचा आहे. मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे हे बँडवाले महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा पहाटे घरी परतला आणि दोन दिवस खुणांनी बोलत होता. त्यानेच मला हा अल्बम ऐकवला. पूर्ण ऐकला. चहा गार झाला.

'आरोळी' शब्दाला माझी हरकत आहे. शाहिराची आरोळी ऐकली आहे का? माईक नसतानाच्या काळातली रीत ती. वरच्या पट्टीत, घासून लावलेला आवाज, आणि तरी शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द न शब्द पोचतो. मागून झिलकरी 'जी जी' करतात, ती तुमची ओ. इथे मला एक अक्षर कळलं नाही. नातवाने कागदावर शब्द दाखवले तेव्हा कळलं की बुवा इंग्रजीतच ओरडत होते. हाक आहे म्हणता, मग कुणाला हाक मारली ते तरी कळू दे.

बाकी गाणाऱ्या भागात आवाज स्वच्छ आहे. सुरात आहे. मला अपेक्षा नव्हती, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खर्जातली

काका, नमस्कार. मी शास्त्रीय शिकते आणि लहान मुलांना शिकवते, म्हणून जरा धीर करून विचारते: विलंबित ख्यालातली बंदिश शब्दांसकट किती जणांना कळते? द्रुत तानेत तर नुसता 'आ' असतो. तिथे आपण शब्द मागत नाही, आवाज कुठून उचललाय आणि कुठे टेकवलाय ते ऐकतो. इथेही तसं ऐकून बघा.

थोडं गळ्याबद्दल, कारण सगळे त्याबद्दल हवेत बोलताहेत. स्वरयंत्रात खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी एक जोडी असते, तिला खोट्या पट्ट्या म्हणतात. नेहमीच्या गाण्यात त्या बाजूला राहतात. तयारीचा स्क्रीमर या वरच्या भागाला थरथरवून खरखर आणतो आणि खालच्या पट्ट्यांवरचा भार कमी ठेवतो. जोर छातीतून नाही, श्वास पोटाने धरून मोजका सोडायचा. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस नावाच्या शिक्षिकेने २००५ मध्ये याच विषयावर शिकवणीची डीव्हीडी काढली होती. म्हणजे हे अंगात येऊन केलेलं नसतं, रियाज असतो. आपण खर्ज लावताना गळा मोकळा सोडतो, तेच तत्त्व दुसऱ्या टोकाला.

मॅकिननचं अवघड काम ओरडणं नाहीच. ओरडून झाल्यावर लगेच वरच्या सुरावर स्वच्छ आवाज ठेवणं, ते अवघड. ज्याचा गळा आवळलाय त्याला ते जमणार नाही. पुढचा सूर खाली तरी उतरेल, नाहीतर फाटेल. स्टुडिओत तुकडे जोडता येतात हे खरं. पण हे लोक गावोगाव जाऊन तेच वाजवतात.

म्हणून स्क्रीम कापायला माझा विरोध. आणि ती अर्धवट तयारीने करायला त्याहून जास्त विरोध. माझ्या मावसभावाने व्हिडिओ बघून दोन महिने स्वतःच केलं. तीन आठवडे मौन पाळावं लागलं. घरच्यांना शांतता आवडली, तो भाग वेगळा.

टिळकरोड_थ्रॅश

अवघड आहे हे मान्य. शीर्षासन करून पोहे खाणंही अवघड आहे.

लिंबूसरबत

दुसरा अल्बम आणि दोन आवाज म्हणत असाल तर लिंकिन पार्कचा 'मेटिओरा' ऐका. २००३. विषय संपला.

कर्वेनगरी_बेस

लिंकिन पार्कला पॉप-पंक म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

ताशा_आणि_त्रास

पथकात अकरा वर्षं ताशा वाजवतोय, त्याआधी ढोल. नदीपात्रात सराव. त्यामुळे घोळक्याने केलेल्या आवाजाबद्दल मला बोलायचा हक्क आहे, आणि त्याबद्दलच्या शिव्या खाण्याचाही अनुभव आहे.

थ्रॅशभाऊ, ब्रेकडाउन येणार हे आधी कळतं ही तक्रार मला कळलीच नाही. ताशाची तर्री, म्हणजे सलग कडकडाट, चढत जाते, ढोल गप्प, टिपरू हवेत. रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं की आता सगळे ढोल एकदम पडणार. म्हणूनच तर लोक मोबाइल खाली ठेवून श्वास धरतात. लक्ष्मी रोडवर पहिला ठोका पडला की तो छातीच्या फासळीत ऐकू येतो. कळूनसुद्धा दर वर्षी येतो. अंदाज चुकवणं ही एक मजा आणि अंदाज पुरा करणं ही दुसरी. तुमच्या थ्रॅश मेटलला पहिलीच ठाऊक आहे.

यांच्या ब्रेकडाउनमध्येही तेच चालतं. ड्रमर वेग मोडत नाही, स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, निम्म्या जागी मारतो. आतला वेग तोच, पण अंगाला वाटतं गाडी चिखलात रुतली. गिटार खालची तार दाबून बास ड्रमच्या लाथेबरोबर तोडतात. आता या जागी वर गोड गाणं ठेवून बघा. रुतलेल्या गाडीत भावगीत. तिथे आरोळीच लागते, नाहीतर वाजवणाऱ्यांनी एवढा घाम का गाळला तेच कळत नाही.

सवाई_५३

ताशेवाले, आमच्या खिडकीची काच गेल्या गणपतीत हलत होती ती तुमच्या पथकामुळे का, हे विचारणार नाही.

खर्जातलीने केलेली तुलना मला पटली नाही, पण विचार करायला लावलं. तानेत शब्द जातात, कारण स्वर पुढे येतो. इथे शब्दही जातात आणि स्वरही. मग उरतं काय? उत्तर हवंय, टोमणा मारत नाहीये.

खर्जातली

काका, लय आणि आघात. आणि पोत. आपल्याकडे एखाद्याचा आवाज जवारीदार, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेसारखा झणकारणारा, आहे म्हणतो तेव्हा आपणही सुरापलीकडचं काहीतरी ऐकतच असतो ना? स्क्रीममध्ये स्वर पुसट होतो, जवारी तेवढी राहते. आवडायलाच हवं असं नाही.

कर्वेनगरी_बेस

काकांचा प्रश्न माझ्या मुद्द्याच्या मुळाशी गेला, त्यामुळे मी अर्धं पाऊल मागे. शब्द कळत नाहीत हे खरं. पण ते गाणाऱ्या भागाने आधीच कळवलेले असतात. कोरसमध्ये माणूस नीट, सभ्यपणे सांगतो की मित्रांनी दगा दिला, गाव लहान आहे, मला निघायचंय. मग तेच सभ्यपणे सांगणं पुरत नाही. स्वतःशी भांडण आणि हाक हे दोन्ही मी एका दमात म्हणालो, ते म्हणून. आधी स्वतःशी, मग बाकीच्यांना. थ्रॅश, हे तुझ्यासाठी.

आणि एक पुरावा. २००८ मध्ये हाच अल्बम पुन्हा काढला तेव्हा त्यात केली क्लार्कसनच्या 'सिन्स यू बीन गॉन'चं त्यांनी केलेलं रूप घातलं. मूळ गाणं सरळसोट पॉप, २००४ सालचं. चाल एवढी पक्की की तिच्यावर ड्रम आणि आरडाओरडा लादूनही ती वाकली नाही. उलट त्या गाण्यात आधीपासून किती राग होता ते मला यांच्यामुळे कळलं.

टिळकरोड_थ्रॅश

म्हणजे अल्बमचा सगळ्यात चांगला पुरावा दुसऱ्याचं गाणं, तेही वर्षभराने जोडलेलं. वा.

आणखी एक विनोद बघा. पहिल्याच छोट्या ट्रॅकच्या नावात '२०१२ पर्यंत पुढे पळवा' असं आहे. २०१२ उजाडलं तेव्हा बँड याच लेबलशी कोर्टात भांडत होता. शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये पुढचा अल्बम त्यांनी स्वतः काढला. त्या भांडणात मी बँडच्या बाजूने होतो हे नोंदवून ठेवतो, नाहीतर लोक मला निव्वळ कुजकट समजतील.

ताशेवाल्यांचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाहीये. काल रात्री चौथं गाणं परत लावलं. ब्रेकडाउनला मान हलली. सवयीने हलली असेल.

ताशा_आणि_त्रास

मान खोटं बोलत नाही भाऊ.

तोच_गायक

मी कर्वेनगरी_बेसचा गायक. लिंक मलाच पाठवली त्याने, "बघ लोक काय म्हणतात" असं लिहून. सगळं वाचलं. छान चर्चा. फक्त एक गोष्ट कुणी विचारली नाही, आमच्या बेसवाल्यानेही नाही, की मला स्क्रीम का कापायची आहे.

मला ती आवडते. अकरावीत हा अल्बम मी दप्तरात घेऊन फिरायचो. पण मी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घेतो, संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. मागच्या महिन्यात रविवारी जॅममध्ये ओरडलो आणि सोमवारी आवाज बसला. पलीकडची बाई म्हणाली, तुमच्याकडे कुणी वारलंय का. मॅनेजरने आलेख दाखवला. घरी आठ महिन्यांची मुलगी आहे, त्यामुळे सराव घरी करायचा तर नाव सोडा. 'गाणं तेवढंच आहे' हे मी अब्रू राखायला म्हणालो होतो.

आरोळी म्हणतोस ते एकदम मान्य. मग तू मार. बेसवर चार तारा आहेत, हातांना काम कमी आहे.

कर्वेनगरी_बेस

हे जॅममध्ये बोलला असतास तर चाळीस मिनिटांचे पैसे वाचले असते रे.

काल ऑफिसातून येताना प्रयत्न केला. चांदणी चौकात, काचा वर करून, ब्रेकडाउनच्या आधीचं ते एकटं वाक्य. शेजारच्या रिक्षावाल्याने काचेवर टकटक केली. "साहेब, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

खर्जातली

रिक्षावाल्याचं निदान बरोबर आहे. गळा आवळून काढलेला आवाज बाहेरून दुखल्यासारखाच ऐकू येतो. तुम्ही दोघेही रविवारी या. चार ते सहा मुलांचा क्लास असतो, त्यानंतर. आधी पंधरा मिनिटं नुसता षड्ज लावायचा आहे, त्यावर कुरकुर चालणार नाही. कोमट पाणी आपापलं आणा.

सवाई_५३

नातू विचारतोय, त्याने आलेलं चालेल का.